वेगाकडे नको, नाडीकडे पाहा

फजरची नमाज झाली की आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीसमोर पाच सायकली उभ्या दिसतात. दोन गिअरवाल्या, दोन साध्या काळ्या आणि एक मुलाकडून मागून आणलेली. चालवणारे आम्ही पाच जण चाळिशी ते साठीतले. एक शाळामास्तर, एक टेलरिंगचे दुकान चालवणारे भाई, एक रिक्षावाले मामू, एक बँकेतून निवृत्त झालेले साहेब आणि मशिदीतले हाफिजसाहेब. औरंगाबादच्या छावणीपासून पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा असे करत दौलताबादकडे जायचे आणि ऊन चढायच्या आत घरी परतायचे, हा आमचा शिरस्ता.

याची सुरुवात एका जनाज्यापासून झाली. मास्तरांचे धाकटे भाऊ ४४व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. ना फार लठ्ठ, ना सिगारेटची सवय. कब्रस्तानातून परतताना कोणी बोलत नव्हते, पण प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न होता : पुढचा नंबर कोणाचा? आपल्याकडे हा आजार इतर अनेक देशांच्या तुलनेत काही वर्षे आधीच गाठतो, हे डॉक्टर मंडळी सांगत आली आहेत. हयात-मौत अल्लाहच्या हाती, हे खरेच. पण शरीर ही त्याने दिलेली अमानत आहे आणि अमानतीची निगा राखणे आपल्या हातात आहे. आठवडाभरात सायकली बाहेर निघाल्या.

चूक कुठे झाली

पहिल्या दोन महिन्यांत आम्ही एकच गोष्ट मोजत होतो, ती म्हणजे वेग. मोबाइलमधले अ‍ॅप ताशी किती किलोमीटर ते सांगायचे आणि घरी पोहोचताच तो आकडा ग्रुपवर टाकला जायचा. काल १८, आज १९, उद्या २०. जो मागे राहील त्याची दिवसभर थट्टा. व्यायामासाठी निघालेलो आम्ही नकळत शर्यतीला लागलो होतो.

एका रविवारी दौलताबादच्या पुढे खुलताबादकडे जाणारा घाट चढायचे ठरले. मास्तर सर्वांत पुढे. अर्ध्या चढावर त्यांनी एकदम पाय खाली टेकवला. चेहरा पांढराफटक, कपाळावर थंड घाम. म्हणाले, ‘‘छातीवर कोणी दगड ठेवल्यासारखं वाटतंय.’’ थोडे पाणी पिऊन पुढे जाऊ, असेही तेच म्हणाले. मामूंनी त्यांचे काही ऐकले नाही. येणारी पहिली जीप थांबवली आणि तडक दवाखाना गाठला. तपासणीत हृदयाची एक रक्तवाहिनी बरीचशी बंद असल्याचे दिसले. स्टेंट बसवला. अल्हम्दुलिल्लाह, मास्तर वाचले.

आम्ही सगळे अपराधी चेहऱ्याने डॉक्टरांपुढे उभे होतो. त्यांनी विचारले, ‘‘चढावर नाडी किती होती?’’ आमच्याकडे उत्तर नव्हते. वेग किती होता, ते मात्र पाचही जणांना तोंडपाठ होते. डॉक्टर म्हणाले, ‘‘सायकल वाईट नाही. वाहिनी आधीपासूनच अरुंद झालेली होती. तुम्ही तपासणी न करता निघालात आणि हृदयाला न विचारता पळवलंत, एवढीच चूक.’’

पुढे वर्षभर आम्ही जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवत आहोत. आमच्यासारखे अनेक जण हल्ली पहाटे सायकल घेऊन निघतात. त्यांच्या उपयोगी पडावे, एवढाच हेतू.

वेग आपल्या हातात नसतो

सायकलचा वेग फक्त पायांवर ठरत नाही. रस्ता, चढ, वारा, टायरमधली हवा, सायकलचे वजन हे सगळे त्यात वाटेकरी असतात. जून-जुलैमध्ये दौलताबादकडे जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर येतो. तेव्हा ताशी १३ किलोमीटरला जेवढा दम लागतो, तेवढ्याच दमात परतीला १९ सहज निघतात. माणूस तोच, पाय तेच, आकडा मात्र वेगळा.

त्यात हवेचा हिशेब आणखी कठोर आहे. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो विरोध तोडायला लागणारी ताकद घनाने वाढते. म्हणजे सपाट रस्त्यावर १५वरून २०वर जायचे, तर वेग एक तृतीयांशानेच वाढतो, पण हवा कापण्यासाठी लागणारी ताकद दुपटीहून जास्त होते. ही जादा ताकद पायांना रक्तातून मिळते आणि ते रक्त पोहोचवण्यासाठी हृदयाला ठोके वाढवावे लागतात. ग्रुपवर दोन-तीन किलोमीटरची बढाई मारताना आम्ही हृदयावर किती ओझे टाकत होतो, हे तेव्हा कळले.

म्हणून पहिला धडा हा : वेग हा रस्त्याचा आणि वाऱ्याचा आकडा आहे. आपल्या शरीराचा आकडा म्हणजे नाडी.

आपली नाडी ओळखा

विश्रांतीची नाडी सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्याआधी मोजायची. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दुसऱ्या हाताची दोन बोटे ठेवा, ३० सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. मोजताना अंगठा वापरू नका, त्याची स्वतःची नाडी लागते आणि गोंधळ होतो. चार-पाच दिवसांचे आकडे लिहून सरासरी काढा. प्रौढ माणसाची विश्रांतीची नाडी साधारण ६० ते १०० असते. नियमित व्यायाम करणाऱ्यांची याहून कमी असू शकते. त्यांचे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते, म्हणून कमी ठोक्यांत भागते.

दुसरा आकडा कमाल नाडीचा. सर्वांना ठाऊक असलेले सूत्र म्हणजे २२० वजा वय. दुसरे सूत्र २००१ साली पुढे आले : वयाला ०.७ने गुणा आणि तो आकडा २०८मधून वजा करा. पन्नाशीच्या माणसासाठी पहिले सूत्र १७० देते, दुसरे १७३. दोन्ही सूत्रे सरासरीची आहेत. एखाद्याची खरी कमाल नाडी त्याहून दहा-बारा ठोके वर किंवा खाली सहज असू शकते. तेव्हा हा आकडा अंदाज म्हणून धरावा. तो गाठून पाहण्याच्या फंदात तर अजिबात पडू नये.

आता दोन्ही आकडे एकत्र आणू. कार्व्होनेन नावाच्या फिनलंडच्या संशोधकांनी १९५७ साली मांडलेली ही रीत आहे. समजा वय ५०, कमाल नाडी १७०, विश्रांतीची नाडी ७०. दोन्हींमधले अंतर १०० ठोके. ही झाली आपली शिल्लक. मध्यम व्यायामासाठी या शिल्लकीतले ४० ते ६० टक्के खर्च करायचे. म्हणजे ७०मध्ये ४० मिळवले की ११०, आणि ६० मिळवले की १३०. या माणसाने बहुतेक दिवस ११० ते १३०च्या दरम्यान सायकल चालवावी. १३०च्या वर जोरदार व्यायाम सुरू होतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने खालच्या टोकापाशीच राहिलेले बरे.

आमच्या बँकवाल्या साहेबांनी हा हिशेब प्रत्येकाला कागदावर करून दिला. म्हणाले, ‘‘खात्यात किती आहे ते बघूनच चेक फाडायचा असतो.’’

घड्याळ नसेल तर

मनगटावरची घड्याळे नाडी दाखवतात, पण सायकलवर ती अनेकदा फसवतात. हँडल घट्ट धरल्याने मनगट वाकते, खड्ड्यांनी हात हादरतो आणि आकडा चुकतो. छातीला बांधायचा पट्टा जास्त भरवशाचा असतो. पण हजारो रुपये खर्चल्याशिवाय व्यायाम होत नाही, असे मुळीच नाही.

सर्वांत सोपी परीक्षा बोलण्याची. सायकल चालवताना शेजारच्याशी पूर्ण वाक्ये बोलता येत असतील तर वेग मध्यम आहे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तो जास्त झाला. गाणे म्हणण्याइतका दम शिल्लक असेल तर थोडा जोर लावायला हरकत नाही. हाफिजसाहेबांनी यावर आमच्यासाठी एक रीत काढली. ते म्हणाले, ‘‘सूरह इखलास मनात नको, ओठांवर म्हणत चला. उच्चार बिघडायला लागला की पायडल हलकं करा.’’ या रीतीने आम्हाला कोणत्याही यंत्रापेक्षा जास्त साथ दिली आहे.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनीही असाच विचार मांडला होता. आपल्याला किती कष्ट पडत आहेत, हे माणसाने स्वतःच ६ ते २० या आकड्यांत सांगायचे. ६ म्हणजे काहीच कष्ट नाहीत, २० म्हणजे आता एक पाऊलही शक्य नाही. निरोगी तरुण माणसात या आकड्याला दहाने गुणले की नाडीचा ढोबळ अंदाज येतो. मध्यम व्यायाम साधारण १२-१३ला बसतो. शरीर खोटे बोलत नाही, आपणच ऐकत नाही.

रस्त्यावरचे नियम

पहिली दहा मिनिटे अगदी सावकाश. झोपेतून उठलेल्या हृदयाला आणि गुडघ्यांना जागे व्हायला वेळ द्या. आम्ही पडेगाव येईपर्यंत कोणालाही पुढे जाऊ देत नाही.

गिअर असतील तर हलका गिअर ठेवा आणि पाय जरा भरभर फिरू द्या. एक गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा आणि चौपट करा. मिनिटाला ७० ते ९० फेऱ्या बहुतेकांना मानवतात. जड गिअरवर दात-ओठ खाऊन जोर लावला की गुडघे दुखतात आणि रक्तदाबही चढतो. चढ आला की आधी गिअर हलका करा, मग वेग कमी होऊ द्या. साधी सायकल असेल तर उतरून चालत चढ पार करा. यात काही कमीपणा नाही. आमचे मामू आजही घाटात उतरून चालतात आणि वर पोहोचून आमच्या आधी चहा सांगतात.

ऊन आणि घाम यांचा हिशेब वेगळा ठेवा. शरीर तापले आणि पाणी कमी पडले की त्याच वेगाला नाडी हळूहळू वर चढत जाते. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात हे रोज जाणवते. अशा वेळी नाडी तीच ठेवा आणि वेग उतरू द्या. तहान लागण्याची वाट न पाहता घोट-घोट पाणी घेत राहा.

थांबतानाही घाई नको. शेवटची पाच ते दहा मिनिटे हळू चालवा. जोरात चालवून एकदम थांबले की रक्त पायांत साचते आणि भोवळ येऊ शकते. थांबल्यावर एका मिनिटात नाडी किती उतरली, तेही कधी कधी टिपून ठेवा. महिन्यागणिक ती लवकर उतरू लागली तर तब्येत सुधारत असल्याची ती खूण समजावी.

आणखी एक सांगायला हवे. फजरनंतर अजून झुंजुमुंजू असते आणि त्या रस्त्यावर ट्रक, एस.टी., वेरूळला जाणाऱ्या गाड्या सुरू झालेल्या असतात. पुढे-मागे दिवा, अंगात उजळ रंगाचा कपडा आणि डोक्यावर हेल्मेट नसेल तर नाडीचा सगळा हिशेब व्यर्थ आहे.

आठवड्याचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरदार व्यायाम करावा. शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम असावा. याचा साधा अर्थ, रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. आमचे चार दिवस सपाट रस्त्यावर बोलत-बोलत जातात. तब्येतीने ठीक असणारे पाचव्या दिवशी दोन-तीन मिनिटे जरा जोर लावतात, मग तेवढाच वेळ हळू चालवतात, असे चार-पाच वेळा. उरलेले दोन दिवस आराम.

हळू चालवून काय होणार, असे आम्हालाही वाटायचे. पण पाया या सावकाश चालवण्यातच घातला जातो. हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतो, स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, शरीर चरबी जाळायला सरावते. टेलर भाईंनी वहीत ठेवलेली नोंद पाहा. सुरुवातीला सपाट रस्त्यावर नाडी १२० असताना त्यांचा वेग ताशी १४ असायचा. अकरा महिन्यांनी त्याच नाडीला तो १७ झाला. वेगाच्या मागे लागलो होतो तेव्हा तो हाती आला नाही. नाडी सांभाळली तर तो आपसूक वाढला. थोडे का असेना, पण नेमाने केलेले काम अल्लाहला प्रिय असते, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सायकलवर तिचा अर्थ नव्याने उमगला.

औषधे, साखर आणि रोजे

रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल अशा बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असतील, तर नाडी मुद्दामच कमी ठेवलेली असते. अशांनी वरची सूत्रे लावू नयेत. त्यांच्यासाठी बोलण्याची परीक्षा आणि डॉक्टरांनी सांगितलेली मर्यादा हीच खरी.

मधुमेहात इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामात एकदम खाली जाऊ शकते. खिशात साखर, ग्लुकोजची पुडी किंवा गोड बिस्किटे ठेवाच. जुन्या मधुमेहात छातीतले दुखणे नीट जाणवत नाही, हेही लक्षात असू द्या. त्यामुळे नुसती असह्य धाप किंवा विनाकारण थकवा आला तरी दुर्लक्ष करू नका.

रमजानमध्ये आम्ही पहाटेची फेरी बंद ठेवतो. दिवसभर पाणी नसताना घाम गाळणे शहाणपणाचे नाही. इफ्तारच्या आधी अर्धा तास मोहल्ल्यातच अगदी हलके चालवणे किंवा तरावीहनंतर थोडी फेरी, एवढेच. त्या महिन्यात सवय टिकली तरी पुरे. आजारी माणसाने रोजा आणि व्यायाम या दोन्हींबद्दल डॉक्टरांना आधी विचारावे.

घरातल्या स्त्रियांचे काय?

हा प्रश्न आम्हाला मास्तरांच्या घरातून आला. दवाखान्यातून परतल्यावर भाभी म्हणाल्या, ‘‘तुमच्या पाच जणांची नाडी मोजून झाली. आमची कोण मोजणार?’’ आम्ही गप्प झालो, कारण त्या बरोबर होत्या. रक्तदाब आणि साखर चूल सांभाळणारीला सोडत नाही. स्त्रियांमध्ये झटक्याची लक्षणेही कधी कधी निराळी असतात : मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणे, कमालीचा थकवा. ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून ती अंगावर काढली जातात.

प्रेषितांनी (सल्ल.) हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याची हदीस आपल्या घरांतून सांगितली जाते. मग व्यायाम ही पुरुषांचीच मक्तेदारी कशी? आता आमच्यापैकी दोन घरांत जुनी उभी सायकल आणली आहे. सलवार आणि ओढणी चाकापासून दूर राहील, एवढी काळजी घ्यायची. आसपासच्या चार-पाच जणी पाळीपाळीने अर्धा-अर्धा तास चालवतात. नाडीचा तोच हिशेब, बोलण्याची तीच परीक्षा. गप्पा मात्र आमच्यापेक्षा जास्त रंगतात. काही मुली सकाळी शाळेच्या मैदानावर सायकल शिकू लागल्या आहेत.

कधी थांबायचे

चाळिशी ओलांडलेल्यांनी, आणि घरात कमी वयात कोणाला झटका आला असेल किंवा स्वतःला रक्तदाब, मधुमेह, तंबाखूची सवय असेल त्यांनी, सुरुवात करण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. आम्ही हे नंतर केले. तुम्ही आधी करा.

चालवताना छातीवर दाब, दुखणे डाव्या हातात, मानेत किंवा जबड्यात पसरणे, थंड घाम, चक्कर, ठोके वेडेवाकडे पडणे यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबा. ‘पुढच्या फाट्यापर्यंत जाऊ’ म्हणू नका. एकट्याने घरी परतायचा प्रयत्नही नको. सोबतच्यांना सांगा आणि १०८वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. ताप असेल, रात्री झोप झाली नसेल किंवा सकाळची नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त असेल, त्या दिवशी सायकल घरीच राहू द्या.

मास्तर साडेतीन महिन्यांनी परत आले. आधी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे चालणे, मग तपासणी, मग त्यांची परवानगी आणि मग सायकल. त्यांच्या गोळ्यांमुळे नाडीचा आकडा उपयोगाचा नाही, म्हणून ते ओठांवर सूरह म्हणत चालवतात. आता सर्वांत पुढे तेच असतात, कारण आमचा नवा नियमच तसा आहे : ज्याचा वेग सर्वांत कमी, तो पुढे आणि बाकीचे त्याच्या मागे. ग्रुपवर आता वेग कोणी टाकत नाही. ‘पाचही जण घरी पोहोचलो’ एवढाच निरोप येतो.

परवा घाटाच्या पायथ्याशी मास्तर थांबले. वर बघत म्हणाले, ‘‘इन्शाअल्लाह, तोही चढू. पण बोलत-बोलत.’’ मग आम्ही सायकली वळवल्या आणि सावकाश घरचा रस्ता धरला.